घोंगडीतली मुलगी

"चिंगी! अगं उजू, चिंगी आली बघ!"

आईची हाक ऐकली तेव्हा मी कुकरचं झाकण लावत होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आई खुर्चीतून एकटी उठत नसे. उठायचं झालं की मला हाक मारायची. मी काखेत हात घालायचा, मग 'थांब गं, ओढू नकोस' असं म्हणत म्हणत ती उभी राहायची. त्या दिवशी मी हात पुसत बाहेर येऊन बघते, तर बाईसाहेब स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत पोचलेल्या. एका हातानं फाटकाचा गज धरलेला, आणि दुसरा हात एका उंच, केस कापलेल्या बाईच्या गालावर.

"किती वाळलीस गं," आई तिला म्हणत होती.

मी नुकतीच तापातून उठले होते. अंगातले कपडे ढगळ व्हायला लागले होते. मला कुणी 'वाळलीस' म्हटलं नव्हतं.

ती बाई म्हणजे चारुता गद्रे. मिरजेच्या आमच्या घरात ती पहिल्यांदाच येत होती, पण लहानपणी एक दिवस असा गेला नाही की तिचं नाव माझ्या कानावर पडलं नाही. चारुता नव्हे, चिंगी. 'सिग्नलपल्याड' या मालिकेतली चिंगी. आणि चिंगीची आई, आडस्टेशनावर चहाचा स्टॉल चालवणारी विधवा अंबू, ती माझी आई. कुमुद सबनीस.

तेव्हा टीव्हीवर बघण्यासारखं मोजकंच असायचं, आणि जे असायचं ते सगळा गाव बघायचा. दर गुरुवारी आमच्या समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. आई मात्र तिथे नसायची, ती चित्रीकरणाला गेलेली असायची. अंबू पडद्यावर चिंगीचे केस विंचरायची, तिच्या फ्रॉकला टाके घालायची, चुलीपुढे बसून भाकरीचा पापुद्रा काढून तिच्या तोंडात घालायची. शेजारच्या बायका पदरानं डोळे टिपायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळं मला सांगत बसायच्या. त्या वर्षी माझ्या वेण्या बाबा घालत. एक वर, एक खाली. शाळेत बाई म्हणायच्या, "सबनीस, आज परत आरसा फुटला का गं?"

आई सुटीवर आली आणि आम्ही दोघी मंडईत गेलो, की बायका तिचे हात धरायच्या आणि विचारायच्या, "चिंगीला नाही आणलंत?" मी तिथेच उभी असायचे, मेथीची जुडी हातात धरून. आई हसून म्हणायची, "ही माझी उज्ज्वला." बायका बरं म्हणायच्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "पण चिंगी कशी आहे?"

बाबांनी कुणा आखातातून आलेल्या मित्राकडून व्हीसीआर विकत घेतला होता. दर गुरुवारी ते नवी कॅसेट घालून भाग उतरवून घेत. "आई आली की बघेल," म्हणत. मी तेव्हा मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. दोन्ही कान दाबून धरले तरी मालिकेच्या सुरुवातीची इंजिनाची शिट्टी ऐकू यायचीच. त्या कॅसेट मी कधी पाहिल्या नाहीत. पुढे व्हीसीआर बिघडला, बाबा गेले, माझं लग्न झालं, यजमानांची नोकरी फिरतीची म्हणून मी मुलाला घेऊन आईपाशीच राहिले. मिरजेतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी धरली. 'सिग्नलपल्याड' हळूहळू लोकांच्या बोलण्यातून गेलं. मला वाटलं, सुटले.

आणि आता ती चिंगी आमच्या टेबलाशी बसून आमटी-भात ओरपत होती.

"उज्ज्वला, तुझ्या हाताला अगदी आईंच्या हाताची चव आहे," ती म्हणाली. ती माझ्या आईला 'आई' म्हणत होती. सेटवर लागलेली सवय, तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं.

"तुम्ही कधी खाल्लंत आईच्या हातचं?" मी विचारलं. ती मला अगंतुगं करत होती, मी तिला अहोजाहो. अंतर राखायला ते बरं असतं.

"म्हणजे काय! चित्रीकरण संपलं की कंदिलाच्या उजेडात पिठलं करायच्या. त्या स्टेशनात दुसरं मिळायचं काय?"

आई कौतुकानं तिच्याकडे बघत होती. स्वतःच्या ताटातला भात तसाच.

जेवताना तिनं येण्याचं कारण सांगितलं. तिनं अभिनय कधीच सोडला होता. मुंबईत डबिंग करायची, कार्टूनमधल्या पोरांचे आवाज काढायची. एका छोट्या कंपनीनं जुन्या मराठी मालिकांच्या डीव्हीडी काढायचं मनावर घेतलं होतं, आणि हिनं 'सिग्नलपल्याड'चा ध्यास धरला होता. पण मालिकाच कुठे सापडत नव्हती. निर्मात्यांच्या मूळ टेपा त्यांच्या गोदामात होत्या, त्या मुंबई बुडाली त्या पावसात लगदा झाल्या. वाहिनीकडे विचारलं तर तिथली माणसं बदललेली, कुणाला नावही आठवेना. निर्माते वारले. दिग्दर्शकांच्या बायकोकडे एक भाग निघाला, तोही अर्धाच.

"मग मला आठवलं," चारुता म्हणाली. "आई सेटवर सांगायच्या, आमचे हे सगळे भाग उतरवून ठेवतात म्हणून. उज्ज्वला, जगात तो एकच संच आहे. तुमच्या घरात. आणि त्या कॅसेटचं आयुष्य केव्हाच सरलंय. बुरशी धरते, फीत चिकटते. अजून दोनेक वर्षं गेली तर कुणीच काही करू शकणार नाही. असं काही होतं, हेच पुसलं जाईल."

पुसलं जाईल तर जाऊ दे, मला वाटलं. खरंच वाटलं. मी म्हणाले, "उशीर झाला हो तुम्हाला. माळ्यावर होत्या त्या, पार खराब झाल्यात. या दिवाळीत भंगारात द्यायच्या म्हणून ठेवल्यात."

"माळ्यावर कुठल्या?" आई म्हणाली. "माझ्या कपाटात आहेत, साड्यांच्या खाली. डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्यात मी."

मला हे माहीत नव्हतं. आईच्या कपाटाला मी हात लावत नसे. चारुतानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पण माझा खोटेपणा तिनं वर आणला नाही. मला तेही सोसलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"द्यायला हरकत नाही," मी म्हणाले, "पण घराबाहेर जायच्या नाहीत. इथे माणूस आणा, यंत्र आणा, काय करायचं ते माझ्यासमोर करा."

"आणते," ती लगेच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "थँक यू, उज्ज्वला. मला एकच बघायचंय त्यात. तो घोंगडीचा शॉट."

माझा हात ताकाच्या तांब्यावर थांबला.

"तुला आठवतो ना? चिंगीला ताप भरलाय, पहाटेची वेळ, गाडी नाही, आणि अंबू तिला घोंगडीत गुंडाळून रुळांच्या कडेनं धावत सुटते. डॉक्टरकडे. एक शब्द नाही सबंध शॉटमध्ये, नुसता श्वास. अजून लोक मला भेटले की तेवढंच बोलतात. मला खरा ताप होता तेव्हा. डोळे मिटले की अजून आठवतं, ती घोंगडी, तो अंधार, आणि आईंच्या छातीचे ठोके." ती आईकडे वळली. "माझी सख्खी आई मला कधी उचलून घ्यायची नाही हो. मेकअप बिघडेल म्हणायची. मला कुणी उचलून घेतल्याची आठवण म्हणजे ती एकच."

मी आईकडे बघितलं. आई आता बोलेल, मग बोलेल. आईनं ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठायची खूण केली.

मी तिला उठवलं, बेसिनपाशी नेलं, आणि तशीच आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. अंगाची नुसती आग होत होती. कारण त्या घोंगडीत चारुता नव्हतीच. त्या घोंगडीत मी होते.

दिवाळीच्या सुटीत बाबा मला चित्रीकरण दाखवायला घेऊन गेले होते. आम्ही पोचलो त्याच दिवशी चारुताला गालगुंड झालं. तोंड एवढं सुजलं की डोळे दिसेनात. रुळांवर चित्रीकरण करायची परवानगी त्या एका दिवसापुरतीच मिळालेली. सगळे डोक्याला हात लावून बसलेले असताना दिग्दर्शकांची नजर माझ्याकडे गेली. "ही कुणाची? तोंड कुठे दिसणारे घोंगडीत! घ्या हिला." आईनं मला उचललं आणि धावली. दिग्दर्शकांना पाहिजे तसं होईना, म्हणून पुन्हा उचललं, पुन्हा धावली. शेवटी ते 'कट, झकास' म्हणाले, तरी तिनं मला खाली ठेवलं नाही. कुणीतरी म्हणालं, "ताई, उतरवा तिला आता." तेव्हा कुठे तिनं मला फलाटावर उभं केलं.

सुटीनंतर मी शाळेत मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "चल, थापा मारू नकोस. ती चिंगी होती." त्यानंतर मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्या मालिकेत तेवढी एकच जागा माझी होती. आता तीही ही बाई माझ्या घरात बसून, माझ्या हातचं जेवून, डोळ्यात पाणी आणून घेऊन चालली होती. आणि आई गप्प.

चारुता गेल्यावर मी आईला धारेवर धरलं.

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"माहितीये तुला काय ते. आई, तिथे मी होते!"

आई पलंगावर पाय चोळत बसली होती. "तिला खरा ताप होता गं. स्टेशनमास्तरांच्या खोलीत घोंगडी पांघरून पडली होती दिवसभर. तिची आई नंतर चारचौघांत सांगायची, 'माझ्या चारूनं तापात काम केलं.' ऐकून ऐकून तिला ते तसंच आठवायला लागलं असेल. तिच्याजवळ दुसरं आहे काय? आठवू दे तिला."

"आणि मी? माझ्याजवळ काय आहे?"

आईनं तेलाची बाटली माझ्यापुढे केली. "टाचेपर्यंत हात पोचत नाही माझा," ती म्हणाली.

मी तेल लावलं. पण त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या आठवड्यात चारुता कोल्हापूरच्या मोमीनभाईंना घेऊन आली. मोमीनभाई पूर्वी लग्नाच्या शूटिंगा करत, आता लोकांच्या जुन्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून देण्याचं काम करत. बोलायला गोड, हळू हाताचा माणूस. त्यांनी जेवणाच्या टेबलावर व्हीसीआर मांडला, लॅपटॉप जोडला, आणि आईच्या कपाटातून एकेक कॅसेट निघायला लागली. प्रत्येकीवर बाबांचं टपोरं अक्षर: 'सिग्नलपल्याड', भाग अमुक. कॅसेटना डांबराच्या गोळ्यांचा आणि रेशमाचा वास येत होता.

"भारी जपल्यात की," मोमीनभाई म्हणाले. "बुरशी नखाएवढीसुद्धा नाही. ताई, अशा कॅसेट मला बघायला मिळत नाहीत आजकाल."

मी नाइलाजानं एका टोकाला बसले. मग इंजिनाची ती शिट्टी झाली, आणि इतकी वर्षं मी ज्याच्याकडे पाठ करून बसले होते ते समोर सुरू झालं.

आई केवढी तरुण होती! माझ्याहून लहान. पदर खोचलेला, कपाळावर घामाच्या बटा, गाडी आली की किटली घेऊन धावणारी. आणि तिच्या मागे मागे कप सांभाळत पळणारी ती पोर. मी ठरवून बसले होते की मला काही आवडणार नाही. पण ती पोर चांगलं काम करत होती. आणि आई तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती तो नुसता अभिनय नव्हता, हेही मला कळत होतं. त्याचा त्रास झाला. अगदी नऊ वर्षांच्या पोरीला होतो तसा.

आई खुर्चीत बसून बघत होती. मधूनच पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होती. चारुता तिच्या पायाशी जमिनीवर बसली होती, आईच्या गुडघ्याला डोकं टेकून. मला जाऊन तिथून तिला उठवावंसं वाटत होतं.

दुपारच्या चहानंतर तो भाग लागला. ताप, पहाट, विझलेली चूल. अंबू घोंगडी ओढते, पोरीला गुंडाळते, दार ढकलून बाहेर पडते. आणि चित्र फाटलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा धावायला लागल्या, मग नुसत्या मुंग्या. आवाज तेवढा येत होता, खडीवरून धावणारी पावलं आणि आईचा श्वास. मोमीनभाईंनी यंत्र थांबवलं, कॅसेट काढून साफ केली, ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहिलं. पुन्हा मुंग्या. पुढे डॉक्टरचं दार उघडलं तसं चित्र पुन्हा लख्ख.

"ही बुरशी नाही," मोमीनभाई म्हणाले. त्यांनी कॅसेटची झडप उघडून फीत उजेडात धरली. "इथं घासलीय. ही बघा, बाकी सगळी फीत काळी चकचकीत, आणि एवढाच तुकडा पांढुरका पडलाय. कुणीतरी हाच भाग मागं घेऊन घेऊन बघितलाय. पॉज करूनसुद्धा. पॉज केलं की व्हीसीआरचं हेड फितीवर एकाच जागी घासत राहतं. वर्षानुवर्षं केल्याशिवाय असं होत नाही."

चारुतानं माझ्याकडे पाहिलं. "उज्ज्वला, तू?"

"मी या कॅसेट आज पहिल्यांदा बघतेय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच तिरसट वाटला.

"काही करता येईल?"

मोमीनभाईंनी मान हलवली. "जे घासून गेलं ते गेलं. आवाज आहे तेवढा ठेवू."

चारुतानं ती फीत स्वतः उजेडात धरून पाहिली. मग सावरून बसली. "असू दे. आपण असं करू. तिथे मी बोलते. कॅमेरा लावून माझी छोटीशी मुलाखत घेऊ आणि त्या जागी टाकू. तो शॉट कसा झाला, मला कसं वाटलं, मी सांगते. म्हणजे नव्या लोकांना कळेल तरी तिथे काय होतं."

"नको," आई म्हणाली.

ती इतकी ठामपणे म्हणाली की मोमीनभाईंनीसुद्धा मान वर केली.

"नको, चारू. तिथे तू नव्हतीस. तुला गालगुंड झालं होतं, आत निजली होतीस. तुझ्या आईनं तुला सांगितलं ते खोटं होतं, आणि मी आजवर बोलले नाही. घोंगडीत माझी उजू होती."

चारुतानं आईच्या गुडघ्यावरून डोकं उचललं. ती माझ्याकडे वळली, आणि मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी ओळखत होते. आमच्या मागच्या पायरीवर बसून, कान दाबून, मी वर्षभर तोच चेहरा करून बसले होते. आपलं म्हणून जे धरलं ते दुसरीचं निघालं की होतो तसा चेहरा. एवढी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते असं म्हणायला हरकत नाही. पण क्षण आला तेव्हा मला काहीच गोड लागलं नाही. कारण माझं लक्ष आईकडे होतं.

"ती फीत कुणी घासली, आई?" मी विचारलं.

"मीच, आणखी कोण!" आई म्हणाली. "मालिका संपली, मी कायमची घरी आले. तू शाळेत गेलीस, हे कामावर गेले, की मी लावायचे. तेवढंच. तोंड कुठे दिसायचं तुझं, घोंगडीतून नुसता एक पाय बाहेर. तो पाय दिसला की थांबवायचे. बघत बसायचे. तुझं वजन आठवायचं हातांना."

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. "आई, मी घरातच होते की! पाच वाजता शाळेतून यायचे मी!"

"यायचीस," आई म्हणाली. "आलीस की दप्तर टाकून मागच्या दाराशी जायचीस. जवळ घ्यायला गेले की अंग चोरायचीस. म्हणायचीस, 'चिंगीला घे.' एकदा नाही, दरवेळी. मग मी कुणाला उचलणार होते, सांग?"

मी असं म्हणत होते, हे मला आठवत नव्हतं. पण आई सांगत होती तसंच असणार, कारण ते वाक्य ऐकताक्षणी मला माझ्या तेव्हाच्या आवाजात ऐकू आलं.

"आणि चिंगीवर माया केली ती काय लटकी होती?" आई चारुताच्या केसांवरून हात फिरवत पुढे म्हणाली. ती आता कुणा एकीशी बोलत नव्हती. "खरीच होती. हिच्यावर माया करणं सोपं होतं. ही रुसायची नाही, संध्याकाळी हिला परत द्यायची असायची. स्वतःच्या पोरीचं तसं नसतं."

मोमीनभाई हळूच उठले आणि चूळ भरायला म्हणून बाहेर गेले.

उरलेले भाग त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उतरवून झाले. चारुता कामापुरतं बोलत होती. आईच्या पायाशी ती पुन्हा बसली नाही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची घेऊन बसली. निघताना आईनं तिची ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला. मी तिला रिक्षापर्यंत पोचवायला गेले. वाटेत ती थांबली.

"मला एक सांगशील? राग मानू नकोस. कसं होतं ते? आत?"

मला सगळं आठवत होतं. आईच्या ब्लाउजचा घामट वास, कोळशाची धूळ, तिचा खांदा माझ्या गालाला ठोकत होता ते, आणि मुद्दाम हातपाय ढिले सोडून मी मनातल्या मनात म्हणत होते ते, की हे दिग्दर्शक पुन्हा 'पुन्हा' म्हणू देत.

"घोंगडी टोचत होती फार," मी म्हणाले.

मी आणखी काही बोलत नाही हे तिला कळलं. "बरं," म्हणून ती रिक्षात बसली.

डीव्हीडी निघाल्या. घोंगडीच्या जागी मुंग्या तशाच ठेवल्या होत्या, खाली आवाज. कितीतरी गिऱ्हाइकांनी डिस्क खराब आहे म्हणून परत पाठवल्या. कंपनीनं वर्षभर दम धरला आणि मग गाशा गुंडाळला. तोवर लोकांनी घरातले डीव्हीडी प्लेअरच काढून टाकायला सुरुवात केली होती. आईनं मात्र शेवटपर्यंत आपला प्लेअर हलू दिला नाही. संध्याकाळी मी कामावरून आले की ती म्हणायची, "लाव गं." मी लावायचे, आणि आम्ही दोघी बघायचो. चित्र जायचं तिथे ती माझा हात धरायची आणि डॉक्टरचं दार उघडेपर्यंत सोडायची नाही. मी अंग चोरत नसे.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा चारुताचा फोन आला. मोबाइलवर मालिका दाखवणाऱ्या एका कंपनीला 'सिग्नलपल्याड' पाहिजे होतं. पैसे बरे देत होते, चित्रही आणखी स्वच्छ करून देणार होते. त्यांची अट एकच. तो मुंग्यांचा तुकडा काढून टाकायचा. प्रेक्षकांना वाटेल त्यांचं नेटवर्क गेलं.

"मी आधीच नाही म्हणून सांगितलंय त्यांना," चारुता म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही. आता दुसरं कुणी विचारेल असं वाटत नाही. आपल्याकडच्या डिस्क चालतायत तोवर आहे, मग नाही. चुकलं का माझं?"

मी कपाटाकडे बघितलं. कॅसेट अजून तिथेच आहेत, आईच्या साड्यांच्या खाली. वाजवायला घरात यंत्र नाही.

"नाही," मी म्हणाले. "बरं केलंत."

"आईंना नसतं आवडलं ते काढलेलं."

'आई' हा शब्द तिच्या तोंडून ऐकला की अजूनही आत कुठेतरी काटा बोचतो. वय झालं तरी ते गेलेलं नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही.

"नसतंच आवडलं आईला," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी बराच वेळ फोन तसाच धरून बसलो.